मनाली राहू दे, मोरचूद सांग

सेलू, जि. परभणी

चि. भाचीबाईस,


तू पाठवलेला व्हॉइस मेसेज ऐकला. विषय होता ‘तुम्हाला आवडलेलं एखादं ठिकाण’ आणि तू मनालीवर बोललीस. बर्फ, देवदार, डोंगराआडून येणारा सूर्य, सगळं होतं. कुठे अडखळली नाहीस. पण बाई, तू मनालीला गेलीस कधी? तुमच्या घरातलं कुणी शिर्डी-तुळजापूरच्या पुढे गेल्याचं मला तरी आठवत नाही. तुझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, क्लासवाल्यांनी वही दिलीय, त्यात सगळी उत्तरं आहेत, सगळ्या पोरांनी तीच पाठ करायची. म्हणजे या महिन्यात परभणीतली निम्मी पोरं मनालीला जाऊन आलेली असणार.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पालम इथंही तुझ्यासारखी पोरं-पोरी परदेशात शिकायला जाण्यासाठी हीच इंग्रजीची परीक्षा द्यायच्या तयारीत आहेत. त्यांच्या हातातही अशाच वह्या आहेत आणि प्रत्येकाच्या घरी इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला मामा असेलच असं नाही. म्हणून हे उघड पत्र. तुझं नाव घेत नाही, म्हणजे होस्टेलवर मैत्रिणी चिडवणार नाहीत.

आधी परीक्षा काय आहे ते नीट बघू. आयेल्ट्स 1989 पासून घेतली जाते. टोफेल तिच्याहून जुनी, 1964 ची. परदेशी विद्यापीठाला त्यातून तुझं इंग्रजीतलं पांडित्य मोजायचं नसतं. वर्गात व्याख्यान चाललं तर हिला कळेल का, दिलेलं पुस्तक वेळेत वाचून होईल का, स्वतःचं म्हणणं पानभर लिहिता येईल का आणि शेजारच्या परक्या मुलाशी चार वाक्यं बोलता येतील का, एवढंच त्यांना पाहायचं असतं. म्हणून ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग. प्रत्येकाला नवांपैकी बँड, आणि चारांची सरासरी.

आपल्या डोक्यात मात्र परीक्षा म्हटलं की बोर्डाचा पेपर असतो. निबंध अपेक्षित असतो, तो अपेक्षित प्रश्नसंचात असतो आणि प्रश्नसंच बसस्टँडसमोरच्या दुकानात असतो. क्लासवाल्यांनी तोच धंदा उचलून इथं आणला. बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. मधल्या भागात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट देतात आणि एक-दोन मिनिटं सलग बोलायला सांगतात. समोरचा परीक्षक दिवसभर हेच ऐकत असतो. पाठांतर ओळखणं त्याच्या कामाचाच भाग आहे. त्याने ओळखलं की तो असं काही विचारतो, ज्याचं उत्तर वहीत नसतं. मनालीत तुम्ही उतरलात कुठे? खायला काय मिळालं? परत जाल का? तिथे तुझी जीभ टाळूला चिकटेल, आणि ते इंग्रजी येत नाही म्हणून नव्हे, सांगायलाच काही नाही म्हणून.

आता उलट बघ. सातव्या सत्रात तू कृषिकन्या होऊन गावात राहिलीस. पेपरात तुमच्या गटाचा फोटो आला होता, दाजींनी तो लॅमिनेट करून ठेवलाय. सोयाबीनची उगवणक्षमता घरच्या घरी कशी तपासायची ते तू बायांना दाखवलंस. गोणपाट भिजवून पसरायचं, त्यावर ओळीत शंभर दाणे ठेवायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचं आणि मग कोंब मोजायचे. सत्तरच्या वर उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. त्यावर एक म्हातारी तुला म्हणाली होती, “लेकी, हे शंभर दाणे उगवतीन, पण पाऊस कोण उगवून दाखवील?” हे तूच मला हसत हसत सांगितलं होतंस. ‘तुम्ही कुणाला काही शिकवलं असेल त्याबद्दल सांगा’ असं कार्ड आलं, आणि अशी कार्डं येतात, तर यापेक्षा चांगलं उत्तर कुठल्या वहीत आहे? यावर परीक्षकाने काहीही उलटसुलट विचारावं, तुझ्याकडे उत्तर आहेच. इंग्रजी थोडं अडखळेल. अडखळू दे. खरं आठवत आठवत बोलणाऱ्या माणसाचं अडखळणं वेगळं असतं आणि पाठ केलेली ओळ निसटलेल्याचं वेगळं. चौथीच्या वर्गावरच्या मास्तरालासुद्धा ते कळतं.

लिहिण्याचं तर मला जास्त वाईट वाटलं. तू पाठवलेला निबंध वाचला. विषय होता, लहान शेतकऱ्यांना सरकारने मदत करावी की त्यांनी दुसरा व्यवसाय शोधावा. सुरुवात ‘आजच्या आधुनिक युगात’ या थाटाची, शेवट ‘नाण्याला दोन बाजू असतात’ या थाटाचा, मध्ये सगळं गुळगुळीत. पण तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य खोडलेलं दिसलं. उजेडात धरून वाचलं. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत तुमच्या खालच्या रानातलं सोयाबीन पाण्यात उभं राहून काळं पडलं आणि मदत मिळेपर्यंत रब्बीची पेरणी दारात आली होती, असं ते वाक्य होतं. व्याकरणाची एक चूक सोडली तर सबंध निबंधात तेवढं एकच वाक्य जिवंत होतं, आणि तेच तू खोडलंस. का, तर क्लासमध्ये सांगितलं की घरचं लिहायचं नाही, छाप चांगली पडत नाही.

प्रश्नपत्रिका उघडून बघ. निबंधाच्या प्रश्नाखाली सूचना छापलेली असते की कारणं द्या आणि तुमच्या स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या. म्हणजे परीक्षा घेणारेच तुझ्या खालच्या रानाबद्दल विचारताहेत, आणि ते खोडायला लावणाऱ्याला तू फी भरतेस. निबंधभर घरचंच रडगाणं गा असं मी म्हणत नाही. आधी मत सांगायचं, त्याचं कारण सांगायचं, मग हे उदाहरण, आणि त्यातून काय निघतं ते. अडीचशे शब्दांत एवढंच बसतं. या निबंधाला पहिल्या प्रश्नाच्या दुप्पट वजन आहे, म्हणून तासातली चाळीस मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेव.

व्याकरणाबद्दल थोडं, मास्तर आहे म्हणून. तुझे काळ पक्के आहेत. मराठी शाळेतून आलेली पोरं काळात फारशी चुकत नाहीत, ‘अ’ आणि ‘द’ लावण्यात चुकतात, कारण आपल्या भाषेत तसली भानगडच नाही. अनेकवचनाचा ‘एस’ही आपण खातो. निबंधात एखादा खाल्ला तर चालून जातं. ऐकण्याच्या भागात मात्र उत्तरात ‘एस’ हवा होता आणि नसला, की उत्तर चूक. स्पेलिंग चुकलं तरी चूक. तिथे अर्धा गुण नसतो.

ऐकण्याचा भाग तुला सगळ्यांत अवघड जातोय, आणि ते साहजिक आहे. आपल्याकडे 2000 सालच्या जूनपासून पहिलीपासून इंग्रजी आलं, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. तू पहिलीपासून शिकलीस, पुढे कृषी विद्यापीठात चार वर्षं पुस्तकं इंग्रजी, पेपर इंग्रजी. पण वर्गात सर समजावणार मराठीत, मेसमध्ये मराठी, शेतावर मराठी. इंग्रजी तुझ्या डोळ्यांत आणि हातात बसलं, कानात नाही. ध्वनिफीत एकदाच वाजते. पहिला भाग साधाच असतो, कुणीतरी फोनवर नाव-पत्ता सांगतोय असा, पण नाव एकेक अक्षर सुटं करून सांगतात आणि ‘ए’, ‘ई’, ‘आय’, ‘जी’, ‘जे’ यांत आपली पोरं गोंधळतात. यावर माझ्याकडे घरगुती उपाय आहे. दाजींच्या कपाटात कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्या असतील, तुझ्या भावाला त्यांवरची नावं अक्षर-अक्षर करून फोनवरून सांगायला लाव. इमामेक्टिन बेन्झोएट आणि क्लोरँट्रॅनिलीप्रोल एका दमात बरोबर लिहिलीस, तर लंडनमधल्या कुठल्याही आडनावाला भ्यायचं कारण नाही. (डब्यांना हात लावल्यावर हात धुवायला सांग, एवढं मी तुला सांगायला नको.)

त्याखेरीज रोज थोडा वेळ इंग्रजी कानावर पडायला हवं, आणि ते तुझ्याच विषयाचं असावं. मातीवरचं, किडींवरचं व्याख्यान शोध. शब्द ओळखीचे असले की कान फक्त आवाजाकडे लागतो. उच्चार साहेबासारखे करायचा हट्ट सोड. परभणीच्या उच्चारांना बंदी नाही, समोरच्याला सहज कळले म्हणजे झालं. तू घाईत वाक्यांची शेवटची टोकं गिळतेस, तेवढं सांभाळ.

वाचण्यात तुझी अडचण वेगळीच आहे, तुला जास्त येतं. एका तासात तीन लांब उतारे, चाळीस प्रश्न. त्यात ‘बरोबर, चूक, की उताऱ्यात दिलेलं नाही’ असा प्रकार असतो. उतारा जमिनीच्या धूपेवर आला की तू उताऱ्यातून नव्हे, मृदाशास्त्राच्या पेपरातून उत्तर देतेस. विधान शास्त्राने खरं असेल, पण उताऱ्यात नसेल तर उत्तर ‘दिलेलं नाही’ हेच. तेवढ्या वेळेपुरती पदवी बाजूला ठेवून वाच.

आता तुझ्या आजोबांचं एक सांगतो, कारण इंग्रजी म्हटलं की तुझा चेहरा पडतो आणि आपण खेड्यातले म्हणून कमी असं तू बोलून जातेस. आपला मुलूख निजामाचा. आजोबा शाळेत होते तेव्हा वरच्या वर्गांचं माध्यम उर्दू होतं. हैदराबादचं 1918 सालचं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतूनच शिकवायचं. घरात मराठी, देवळात मराठी आणि भूमिती उर्दूत. सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस ॲक्शन झाली, संस्थान भारतात आलं आणि हळूहळू शाळा मराठी झाल्या. आजोबा मात्र शेवटपर्यंत पाढे उर्दूत म्हणत. त्यांच्या उर्दूचं घरात कुणाला कौतुक नव्हतं आणि ती कुणाला विद्वत्ताही वाटत नव्हती. त्यांच्या वेळी दारावर उर्दू होती, तुझ्या वेळी इंग्रजी आहे. दारावर बसलेल्या भाषेने पुष्कळांना माघारीही पाठवलं, हेही खरं. आजोबांचे धाकटे भाऊ हिशोबात त्यांच्यापेक्षा हुशार होते म्हणतात, पण उर्दूला कंटाळून शाळा सोडून औताला गेले. परीक्षा न्याय्य आहे असं मी तुला सांगणार नाही.

कारण पैशाचं बघ. एका आयेल्ट्सची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात गेलीय. 2025-26 ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. म्हणजे दोन क्विंटलहून जास्त कापूस एका परीक्षेत गेला, आणि आपल्या कोरडवाहू रानात एकरी पाच-सहा क्विंटल आला तरी दाजी पेढे वाटतात. त्यात निकाल दोनच वर्षं चालतो. म्हणून ‘एकदा देऊन बघू’ असं म्हणून फॉर्म भरू नकोस. आधी घरी घड्याळ लावून पूर्ण पेपर सोडव, हवा तो बँड दोन-तीनदा येतोय असं दिसलं की मग तारीख घे. पासपोर्ट हातात असल्याशिवाय तर तारीख घेऊच नकोस, परीक्षेच्या खोलीत ओळखपत्र म्हणून तोच लागतो. केंद्र मोठ्या शहरात मिळेल. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून सकाळी परीक्षेला जायचं नाही, आदल्या दिवशी पोचायचं. परीक्षा आता बहुतेक संगणकावर असते. तू मोबाइलवर दोन अंगठ्यांनी भराभर लिहितेस, कीबोर्डवर मात्र अक्षरं शोधत बसतेस, ते आजपासून सुधार.

सरासरीचा हिशोबही समजून घे. चार बँडची सरासरी सव्वासहा आली तर ती साडेसहा धरतात, पावणेसात आली तर सात. म्हणजे ऐकण्यात साडेपाच पडले आणि बाकी तिन्हींत साडेसहा, तरी एकूण साडेसहाच. पण काही विद्यापीठं प्रत्येक भागात किमान किती हवेत तेही सांगतात, तिथे ही सवलत उपयोगाची नाही. आणि काही ठिकाणी पदवीचं माध्यम इंग्रजी असल्याचं विद्यापीठाचं पत्रही चालतं. अठरा हजार घालवण्याआधी ते विचारून घे, लाजू नको. टोफेल द्यायची झाली तर जुनी पुस्तकं घेऊ नकोस. जानेवारी 2026 पासून तिचं स्वरूप आणि गुणांची पट्टी दोन्ही बदललीत.

शिष्यवृत्तीचं काम क्लासच्या आधीचं आहे. समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, सारथीची, ज्याच्या त्याच्या वाट्याला जी येत असेल तिची त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचायची, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. लोणार आपल्या जिंतूरपासून काही लांब नाही. त्या लोणार तालुक्यातल्या खेड्यातला राजू केंद्रे, भटक्या-विमुक्त समाजातल्या शेतकऱ्याचा मुलगा, 2021 मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या सोआसमध्ये गेला. त्याची एकलव्य संस्था घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या पोरांना मोठ्या विद्यापीठांचे अर्ज कसे भरायचे ते शिकवते. अशांशी बोल. ज्याचं पोट तुझ्या फीवर नाही, त्याचा सल्ला आधी घ्यावा.

तुझ्या विद्यापीठांच्या यादीत जर्मनीतलं होहेनहाइम पाहिलं आणि गंमत वाटली. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत आपण लहानाचे मोठे झालो, आता तू ते खरंच करायला निघालीस. या होहेनहाइमची गोष्ट तुला माहीत आहे का? 1815 मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या राखेने आभाळ झाकलं आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, लोक उपासमारीने मेले. त्यावर उपाय म्हणून व्युर्टेम्बर्गचा राजा पहिला विल्हेल्म याने 1818 मध्ये श्टुटगार्टजवळ होहेनहाइमला शेतीची शाळा काढली, तीच पुढे विद्यापीठ झाली. त्याच वर्षी त्याने शेतकऱ्यांची जत्राही सुरू केली, ती कानश्टाटला अजून दरवर्षी भरते. आपल्या उरुसाएवढी गर्दी होते म्हणतात, अर्थात प्यायला तिथे वेगळं असतं. आपलं परभणीचं कृषी विद्यापीठ 18 मे 1972 चं, आणि 1972 म्हटलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना दुष्काळात खडी फोडायला गेलेले दिवस आठवतात. भूक काय करते हे माहीत असलेल्या दोन गावांमधला हा प्रवास आहे. ‘तुम्हाला इथेच का यायचंय’ असा प्रश्न अर्जात असेल, तिथे जागतिक दर्जा वगैरे लिहू नकोस, हे लिही. खर्चाचं मात्र आधीच बघून ठेव. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, पण होहेनहाइम ज्या राज्यात आहे तिथे आपल्यासारख्यांना सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. शिवाय भारतीय मुलांना नोव्हेंबर 2022 पासून एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं पडताळल्याचं, प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज परीक्षेच्या निकालासाठी अडवून ठेवू नकोस.

आता कामाचं. लिहिण्याच्या पहिल्या प्रश्नात कधी आलेख असतो, कधी एखादी वस्तू कशी बनते त्याची आकृती. वीस मिनिटं, किमान दीडशे शब्द. वहीतलं काचेच्या बाटल्यांचं उत्तर फेकून दे. बोर्डो मिश्रणावर लिही, एक टक्क्याच्या. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात विरघळवली जाते, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घेतली जातात, लोखंडाची नाही. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतली जातात आणि लाकडी काठीने ढवळली जातात. शेवटी लोखंडी विळा बुडवून पाहिला जातो. त्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी आणखी घातली जाते. विळा बुडवल्यावर तांबं का चढतं, हे तू मला दहा मिनिटं मराठीत समजावलं होतंस. शाळेत मी तुम्हाला कर्मणी प्रयोग घोकून घेतला तेव्हा तो कशासाठी म्हणून तोंडं वाकडी करत होतात ना? तो यासाठी.

शनिवारी रात्रीपर्यंत पाठव. कीबोर्डवर लिहायचं, शब्द तपासून देणारं यंत्र बंद ठेवायचं आणि वीस मिनिटं झाली की जिथे असशील तिथे थांबायचं. अर्धवट राहिलं तरी तसंच पाठव, मी तांबड्या शाईचं पेन काढून ठेवलंय. उगवणक्षमतेचं दोन मिनिटं बोलून तोही मेसेज पाठव, म्हातारीच्या प्रश्नासकट. तिचा तो प्रश्न इंग्रजीत कसा विचारतेस ते मला ऐकायचंय.

दाजींना सांग, क्लासचा दुसरा हप्ता भरायची घाई करू नका. आईला नमस्कार सांग. तिने पाठवलेला खवा पोचला.

तुझा,
मामा